तीन किलोमीटरवरचा नेम: आधी गोळी ठरते, मग रायफल

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एका गटाने ७,७४४ यार्डांवरच्या, म्हणजे ७ किलोमीटरहून थोडं जास्त दूर असलेल्या फलकावर रायफलची गोळी लावली. नळीतून सुटल्यापासून फलकावर आदळेपर्यंत त्या गोळीला २४ सेकंदांहून जास्त वेळ लागला. ही बातमी अजूनही अधूनमधून मोबाइलवर फिरते आणि तिच्याखाली लोक हमखास विचारतात, "बंदूक कुठली होती?" उत्तर आहे .४१६ बॅरेट नावाच्या काडतुसाची रायफल. पण एवढ्या उत्तराने काहीच कळत नाही.

त्या बातमीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा आकडा सहसा मथळ्यात येत नाही. लागलेली गोळी ६९वी होती. आधीच्या ६८ चुकल्या होत्या आणि त्या झाडणारे लोक या कामात मुरलेले होते. इतकी ताकदवान रायफल आणि इतके तयार हात असूनही हे का व्हावं, हे नीट समजून घेतलं तर अतिदूरच्या नेमबाजीसाठी बोअर आणि गोळी कशी निवडतात हेही उलगडतं.

हा खेळ नेमका कोणता?

मराठी वाचकाला नेमबाजी म्हटलं की कोल्हापूर आठवतं. तेजस्विनी सावंत आणि आता स्वप्निल कुसाळे. स्वप्निलने पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ज्या प्रकारात कांस्य जिंकलं, त्यात फलक ५० मीटरवर असतो आणि दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तिथे छताखालच्या जागेवरून, एकाच अंतरावर, पुन्हा पुन्हा तोच नेम साधायचा असतो. शरीर किती स्थिर आहे याची ती परीक्षा आहे.

अतिदूरच्या नेमबाजीला 'एक्स्ट्रीम लाँग रेंज' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ईएलआर म्हणतात आणि तिचं घर अमेरिका आहे. न्यू मेक्सिको राज्यातल्या रॅटन गावाजवळच्या व्हिटिंग्टन सेंटरवर 'किंग ऑफ टू माइल्स' ही तिची सगळ्यात गाजलेली स्पर्धा नावारूपाला आली. दोन मैल म्हणजे ३,२१९ मीटर. फलक जेमतेम मीटरभराचे पोलादी पत्रे. नेमबाज जमिनीवर पालथा झोपतो, रायफल दुपायीवर टेकलेली असते आणि शेजारी दुर्बिणीतून वारा वाचणारा जोडीदार बसतो. गोळ्या मोजक्याच मिळतात आणि पहिल्याच गोळीला नेम लागला तर गुण सगळ्यात जास्त.

काडतुसाचे भाग आणि बोअर

बोलताना आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो, पण इथे फरक करावा लागतो. पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, हे सगळं मिळून काडतूस. हवेतून जाते ती फक्त गोळी. पुंगळी मागेच राहते.

बोअर किंवा कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी. .३०८ म्हणजे ०.३०८ इंच, साधारण ७.८ मिलिमीटर. .३३८ म्हणजे ८.६, .३७५ म्हणजे ९.५ आणि .४१६ म्हणजे १०.६ मिलिमीटर. पुढे जोडलेलं नाव, जसं लापुआ मॅग्नम, चायटॅक, बॅरेट, हे त्या पुंगळीचा आकार सांगतं. एकाच जाडीची गोळी लहान पुंगळीतूनही सुटू शकते आणि मोठ्या पुंगळीतूनही, म्हणून नुसतं बोअर सांगून काडतूस कळत नाही.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. स्वप्निलच्या .२२ रायफलची शिशाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. .३३८ लापुआ मॅग्नमची दूर मारायची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास.

हवा काय करते

मैदानावर टेनिस बॉल आणि सीझनचा चेंडू दोन्ही फेकून पाहिलेत तर पुढचं सगळं सोपं जाईल. दोन्ही चेंडू जवळपास एकाच आकाराचे. तोच हात, तीच ताकद. टेनिस बॉल हलका, म्हणून हातातून जोरात सुटतो, पण थोड्याच अंतरावर त्याची हवा निघते. सीझनचा चेंडू सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात येतो. दोघांना अडवणारी हवा सारखीच असते. पण जड चेंडूचा वेग मोडायला तिला जास्त वेळ लागतो.

रायफलच्या गोळीचंही असंच आहे. हवा किती अडवेल हे गोळीच्या जाडीवर आणि आकारावर ठरतं, आणि त्या अडथळ्याला गोळी किती दाद देईल हे तिच्या वजनावर. या तिन्हींचा मेळ घालणारा एक आकडा असतो, बॅलिस्टिक कोएफिशंट, थोडक्यात बीसी. बीसी जितका मोठा तितका गोळीचा वेग जास्त टिकतो.

हा आकडा वाचताना बरेच जण फसतात. तो एका प्रमाण गोळीशी तुलना करून काढतात आणि अशा प्रमाण गोळ्या एकाहून अधिक आहेत. जी१ म्हणजे जुन्या पद्धतीची, सपाट बुडाची बुटकी गोळी. जी७ म्हणजे लांब, टोकदार, बुडाकडे निमुळती होत गेलेली. .३०८ च्या १७५ ग्रेनच्या स्पर्धेच्या गोळीचा जी१ बीसी ०.५ च्या आसपास येतो आणि त्याच गोळीचा जी७ बीसी ०.२५ च्या आसपास. खोक्यावर बहुतेक वेळा जी१ छापतात, कारण तो दिसायला मोठा असतो. दूरच्या नेमासाठी जी७ पाहावा, आणि दोन गोळ्यांची तुलना करताना दोन्हींचा आकडा एकाच मापातला असल्याची खात्री करावी.

मग हलकी गोळी घेऊन वेगच का वाढवू नये? कारण तो वेग उधारीचा असतो. एकाच बोअरच्या हलक्या आणि जड गोळ्यांमध्ये हलकी सुरुवातीला पुढे असते, पण काही शे मीटरवर जड गोळी तिला गाठते आणि मागे टाकते. ५० किंवा ३०० मीटरवर हे जाणवणार नाही. किलोमीटरच्या पुढे सगळा खेळ त्याचाच आहे.

म्हणजे जितकं मोठं बोअर तितकं बरं?

काही अंशी होय, आणि त्यामागचं गणित साधं आहे. गोळीचा आकार तोच ठेवून जाडी सव्वापट केली, तर हवेला भिडणारं क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त वाढतं, पण वजन जवळजवळ दुप्पट होतं. अडथळ्यापेक्षा वजन झपाट्याने वाढतं, म्हणून मोठी गोळी मूळचीच फायद्यात असते. १,००० मीटरवर .३०८ च्या तुलनेत .३३८ लापुआ मॅग्नमची ३०० ग्रेनची गोळी वाऱ्याने निम्म्याच्या आसपासच सरकते.

पण या नियमाला सुरुंग लावणारं उदाहरणही समोर आहे. २००७ साली आलेलं ६.५ क्रीडमूर (इथे माप मिलिमीटरमध्ये) हे काडतूस .३०८ पेक्षा बारीक बोअरचं, त्याची गोळी वजनाने हलकी, झाडताना खांद्याला बसणारा धक्का कमी. तरीही ते .३०८ पेक्षा दूरपर्यंत वेग टिकवतं, कारण त्याची गोळी जाडीच्या मानाने लांब आणि सडपातळ आहे. आकार चांगला असला तर तो बोअरची उणीव भरून काढू शकतो.

उलट बाजूचं उदाहरण .५० बीएमजी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जॉन ब्राउनिंग यांनी मशीनगनसाठी हे काडतूस घडवायला घेतलं. नेमकेपणा हा तेव्हा त्याचा पहिला हेतू नव्हता. आज उत्तम गोळ्या घालून ते दूर मारतं, पण धक्का जबर असतो आणि इतका वजनदार तुकडा फार वेगात ढकलता येत नाही. म्हणून त्याचीच पुंगळी आखूड करून, तोंड आवळून .४१६ बॅरेट तयार झालं. तेवढ्याच जातीच्या पुंगळीतून जरा बारीक, जास्त सडपातळ गोळी जास्त वेगाने सुटू लागली. .४०८ चायटॅकचं तोंड आवळून .३७५ चायटॅक झालं त्यामागेही हाच विचार होता. आज दोन मैलांच्या स्पर्धांत .५० पेक्षा .३७५ आणि .४१६ जास्त चालतात.

धक्क्याचा मुद्दा लोक सहन करण्याशी जोडतात. पंधरा किलोची रायफल आणि नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक असला तर .३७५ चा धक्का सहन होतो. खरी अडचण वेगळी आहे. धक्क्याने रायफल उडाली की दुर्बिणीतून फलक नाहीसा होतो आणि आपली गोळी कुठे पडली हे स्वतःला दिसत नाही. पुढच्या गोळीची दुरुस्ती त्यावरच अवलंबून असते.

आवाजाच्या वेगाचा उंबरठा

१५ अंश तापमानात आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. दूर मारायची गोळी ८०० ते ९०० मीटर वेगाने सुटते आणि हवेत मंदावत एका क्षणी आवाजाच्या वेगाजवळ येते. तिथे तिच्याभोवतालच्या धक्कालहरींची मांडणी बदलते, हवेचा दाब गोळीवर जिथे एकवटतो ती जागा सरकते आणि आतापर्यंत सरळ जाणारी गोळी डुलू लागू शकते. एखादी गोळी हा टप्पा शांतपणे ओलांडते, एखादी भरकटते. आधीच्या हजार मीटरवरची तिची वागणूक पाहून हे सांगता येत नाही.

समुद्रसपाटीजवळच्या हवेत .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी हजार मीटरच्या आसपास या उंबरठ्याशी येते. ६.५ क्रीडमूर बाराशेच्या पुढे, .३३८ लापुआ मॅग्नम चौदाशे-पंधराशे, .३७५ चायटॅक दोन हजारांच्या पुढे. हवा पातळ असेल तर हे आकडे वाढतात. रॅटनचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच, आणि तिथली हवा समुद्रकाठापेक्षा जवळपास १८ टक्के विरळ असते. तिथे जमलेला नेम त्याच आकड्यांनी कोकणकिनाऱ्यावर जमणार नाही.

बॅलिस्टिक्सचे जाणकार ब्रायन लिट्झ यांनी 'अतिदूर' शब्दाची सीमा इथेच आखली आहे. तुमची गोळी आवाजाच्या वेगाजवळ येते तिथून अतिदूर सुरू. मला ही व्याख्या फार पटते, कारण ती मीटरवर अडत नाही. .३०८ घेऊन बाराशे मीटरवर झगडणारा माणूस आणि .३७५ घेऊन अडीच हजारांवर झगडणारा, दोघं एकाच कोड्याशी भिडलेले असतात. ऑलिंपिकची .२२ ची स्पर्धा-काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगाची बनवतात, तीही या टप्प्याची भानगडच नको म्हणून.

शिसं की तांबं?

जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे आत शिसं आणि वर तांब्याचं कवच. शिसं जड, म्हणून थोड्या लांबीत वजन बसतं. पण कवचाची जाडी एका बाजूला केसाएवढी कमी असली किंवा शिसं जरा तिरकं बसलं, तर गोळीचा तोल जातो. हजार मीटरवर चांगल्या कंपन्यांच्या गोळ्यांत हे दिसतही नाही. तीन हजारांवर दिसतं.

म्हणून मोठ्या बोअरमध्ये तांब्याच्या किंवा पितळेच्या सळईतून संगणकी लेथवर कातलेल्या एकसंध गोळ्या आल्या. आत दुसरं काही नाही, त्यामुळे एक गोळी दुसरीसारखीच. त्यांचा आकारही हवा तितका निमुळता ठेवता येतो. महाग असतात, पण दोन मैलांच्या खेळात त्यांनी जागा पटकावली आहे.

मात्र तांबं शिशापेक्षा हलकं. तेच वजन गाठायला गोळी लांब करावी लागते आणि लांब गोळी हवेत सरळ ठेवायला तिला जास्त वेगाने फिरवावं लागतं. हे फिरवण्याचं काम नळीच्या आतल्या पीळदार खाचा करतात. दहा इंचांत एक पूर्ण वेढा असेल तर त्याला एकास दहा पीळ म्हणतात. ९०० मीटर वेगाची गोळी अशा नळीतून मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेत बाहेर पडते. जितकी लांब गोळी तितका घट्ट पीळ, हे नातं ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच सूत्रात मांडलं होतं.

नवखा माणूस अडतो तो इथे. आधी रायफल घेतो, तिची नळी जुन्या, आखूड गोळ्यांसाठी पिळलेली असते, आणि मग आवडलेली लांब गोळी त्या नळीतून स्थिर जातच नाही. म्हणून या खेळातले लोक गोळीपासून सुरुवात करतात. किती अंतर मारायचं, तिथवर आवाजाच्या वर राहणारी गोळी कुठली, तिला पुरेसा वेग देणारी पुंगळी कुठली, तिला सरळ ठेवणारा पीळ किती. रायफल या प्रश्नांच्या शेवटी येते.

आता तर मोबाइलच सगळं गणित करतो ना?

करतो, आणि फार चांगलं करतो. दोन मैलांवर गोळी नळीच्या रेषेपासून दीडशे ते दोनशे मीटर खाली येते. कोणत्याही साध्या दुर्बिणीत एवढी उंची चढवायला जागा नसते, म्हणून दुर्बिणीखाली उतरती पट्टी किंवा तिच्यापुढे प्रिझम लावावा लागतो. गोळी स्वतःभोवती फिरत असल्याने दोन-तीन मीटर एका बाजूला सरकते. पृथ्वी फिरते म्हणूनही रॅटनच्या अक्षांशावर मीटरभर फरक पडतो. हे सगळं गणक देतो.

गणकाला न कळणाऱ्या दोन गोष्टी उरतात. पहिली, या काडतुसात दारूने नेमका किती वेग दिला. सुरुवातीच्या वेगात सेकंदाला ३ मीटरचा फरक म्हणजे हजारात साधारण तीन. एवढ्याने दोन मैलांवर गोळी मीटरभर वर किंवा खाली जाते, म्हणजे फलक हुकला. कागदावर सर्वांत वेगवान काडतुसापेक्षा प्रत्येक वेळी तोच वेग देणारं काडतूस इथे जास्त कामाचं.

दुसरी, वारा. त्याचं गणित मला फार सुंदर वाटतं. हवाच नसती तर गोळीला किती वेळ लागला असता आणि प्रत्यक्षात किती लागला, हा फरक काढायचा आणि त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. मोठ्या बोअरची गोळी दोन मैल जायला सुमारे ७ सेकंद घेते. हवेविना तिला साडेतीन लागले असते. म्हणजे सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा, जो गालावर जेमतेम जाणवतो, गोळीला साडेतीन मीटर ढकलतो. आणि तो वारा तीन किलोमीटरभर एकसारखा कधीच नसतो. दरीत एक, टेकडीच्या खांद्यावर दुसरा, शिवाय गोळी जिथे उंच जाते तिथे तिसरा. ६८ गोळ्या चुकण्यामागचं मोठं कारण असंच काही असतं, आणि कितीही मोठं बोअर ते पूर्ण पुसू शकत नाही. चांगला बीसी वाऱ्याची चूक लहान करतो, नाहीशी करत नाही.

हा स्नायपरचा सराव नाही का?

हा प्रश्न विचारायलाच हवा. .३३८ लापुआ मॅग्नम १९८० च्या दशकात लष्करी दूरच्या नेमासाठीच घडलं आणि .५० ची कुळी वर आलीच आहे. कॅलिफोर्नियाने २००५ पासून सामान्य नागरिकांसाठी .५० बीएमजी रायफलींवर बंदी घातली. नागरिकांच्या हाती काय असावं हा वाद खरा आहे आणि खेळाची आवड असणाऱ्यांनी तो झटकून टाकू नये.

तरीही मैदानावर चालतं ते वेगळं काम असतं. अंतर मोजून जाहीर केलेलं, फलक पांढरा रंगवलेला, मागे मातीचा मोठा डोंगर, प्रत्येक गोळीवर पंचाची नजर. साठाव्या-सत्तराव्या गोळीला लागणारा नेम युद्धात कुणाच्या कामाचा नसतो. इथे त्या चुकलेल्या गोळ्यांतूनच गोळीच्या उड्डाणाबद्दल शिकायला मिळतं.

मग नवख्याने काय घ्यावं?

अमेरिकेत किंवा जिथे हा खेळ कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने मला विचारलं तर मी .३७५ सुचवणार नाही. तिचं एक तयार काडतूस पाच डॉलरच्या वर जातं, दारूचा झोत मोठा असल्याने नळी हजार-दीड हजार गोळ्यांत झिजू लागते आणि एवढ्या गोळ्यांत माणूस वारा वाचायला शिकत नाही. .३०८ ची नळी पाच हजारांपर्यंत टिकू शकते. ६.५ क्रीडमूरने हजार-बाराशे मीटरपर्यंतचं सगळं शिकता येतं, धक्का कमी असल्याने स्वतःची गोळी स्वतःला दिसते आणि चूक ताबडतोब कळते. पुढची पायरी .३३८. दोन किलोमीटरच्या पलीकडे खरोखर जायचं ठरलं की मग .३७५.

याहून स्वस्त वाट .२२ ची. ती ३००-४०० मीटरवर झाडली तर तिची संथ गोळी वाऱ्याला इतकी बळी पडते की मोठ्या बोअरचा किलोमीटरभराचा धडा तिथेच मिळतो. मोठ्या रायफली बाळगणारेही असा सराव करतात.

भारतात?

इथे हा खेळ नाही आणि सध्या त्याला जागाही नाही. शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना लागतो, लष्करी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, आणि तीन किलोमीटरची सुरक्षित मोकळी रेंज नागरिकांना उपलब्ध नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांतही सर्वांत दूरचं अंतर ३०० मीटर आहे आणि तिथे बोअरची मर्यादा ८ मिलिमीटर, म्हणजे .३३८ आधीच बाद. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नव्या नेमबाजांना वरच्या पायरीवर नेते. दूरच्या नेमाची ओढ असलेल्या मुलामुलींसाठी तूर्त हीच वाट उघडी आहे: १० मीटरची एअर रायफल, मग ५० मीटरची .२२, आणि संधी मिळाली तर ३०० मीटर.